चिमटा, मुखवटा, हातमोजे : प्रयोगशाळेने कुणाचे शरीर वाचवले?

इस्लामच्या सुवर्णयुगावरच्या पोस्ट आपल्या मोबाइलवर सतत येत असतात. जाबिर इब्न हय्यान, अल-राझी, इब्न सीना, अल-ख्वारिझ्मी. पगडीवाली चित्रे, त्याखाली शोधांची यादी आणि शेवटी ‘हा आपला वारसा’ असे एक वाक्य. या पोस्टमध्ये नावे असतात, पण काम नसते. ही माणसे भट्टीजवळ बसून काय करत होती, त्यांचे हात कशाने भाजत होते, भाता कोण ओढत होते, तेजाबाच्या वाफा कुणाच्या छातीत जात होत्या, यावर एक ओळही सापडत नाही.

या लेखात मला त्याच बाजूने बोलायचे आहे. विषय वरवर पाहता छोटा आहे. प्रयोगशाळेत उपकरणे हाताळताना शरीर वाचवणाऱ्या वस्तू, म्हणजे चिमटा, चष्मा, मुखवटा, हातमोजे, ॲप्रन. पण त्यांचा इतिहास वाचत गेल्यावर एक गोष्ट वारंवार समोर येते. बऱ्याच अपघातांत बचावाचे साधन आधीपासून उपलब्ध होते, धोकाही ठाऊक होता. प्रश्न होता तो ते साधन कुणाच्या अंगावर चढवायचे याचा.

बनू मूसा आणि विहिरीतली हवा

नवव्या शतकातले बगदाद. मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ खलिफा अल-मामूनच्या आश्रयाने वाढले. वडिलांचे नाव मूसा इब्न शाकिर, म्हणून इतिहास त्यांना ‘बनू मूसा’, म्हणजे मूसाची मुले, या नावाने ओळखतो. भूमिती, खगोलशास्त्र आणि यंत्रविद्या या तिन्हींत त्यांची गती होती. ग्रीक ग्रंथांची भाषांतरे करून घेण्यासाठी त्यांनी पदरचा पैसा खर्च केला.

इ.स. ८५० च्या सुमारास त्यांनी ‘किताब अल-हियल’ हा ग्रंथ लिहिला. हियल म्हणजे युक्त्या. त्यात सुमारे शंभर यंत्रांची वर्णने आहेत. डोनाल्ड हिल या अभ्यासकाने १९७९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. यातली बहुतेक यंत्रे दरबारी करमणुकीची आहेत. आकार बदलणारी कारंजी, वात आपोआप पुढे सारणारे दिवे, पाहुण्याला चकवणारी सुरई. पण काही साधने कामाची आहेत. वाऱ्यात न विझणारा दिवा आहे. पाण्याच्या तळाशी पडलेली वस्तू पकडून वर आणणारा जबडा आहे. आणि दूषित हवेच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाला श्वास घेता यावा यासाठीचे एक साधन आहे.

त्याचे तत्त्व सोपे आहे. खाली उतरणाऱ्याच्या नाकातोंडावर आवरण, त्याला जोडलेली नळी, आणि वरच्या माणसाच्या हातात भाता. वरून स्वच्छ हवा खाली जाते. आजचा हवा पुरवणारा मुखवटा याच तत्त्वावर चालतो.

बगदादमध्ये विहिरीत कोण उतरत असेल, याचा विचार करून पाहा. खलिफा नाही, वजीर नाही, बनू मूसा स्वतःही नाहीत. उतरणार तो विहीर खोदणारा किंवा गाळ उपसणारा मजूर. खलिफाच्या दरबारात ऊठबस असलेल्या गणितज्ञांनी त्या मजुराच्या फुफ्फुसांचा विचार केला आणि तो कारंज्यांच्याच ग्रंथात लिहून ठेवला. सुवर्णयुगाचा अभिमान बाळगायचाच असेल, तर मला या पानाचा सर्वांत जास्त वाटतो.

आता आपल्या काळाकडे पाहू. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात गुदमरून मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करावी लागली, कारण मृत्यू थांबले नव्हते. ज्या धोक्यावर बगदादमध्ये साडेअकराशे वर्षांपूर्वी उपाय लिहिला गेला, त्याच धोक्यात आपल्या शहरांत माणूस आजही उघड्या तोंडाने उतरवला जातो.

भट्टी, मूस आणि चिमटा

मराठीत आपण ‘किमया’ हा शब्द सहज वापरतो. तो अरबी ‘अल-किमिया’मधून आला. ‘अर्क’ही अरबीच. शाळेत शिकलेला ‘अल्कली’ म्हणजे ‘अल-कली’, वनस्पती जाळून मिळणाऱ्या राखेतला क्षार. ‘तेजाब’ फारसी आहे, तेज आब, म्हणजे तीक्ष्ण पाणी. धोक्याची सूचना या शब्दातच आहे.

अबू बक्र अल-राझी (८६५-९२५) हा तेहरानजवळच्या रय्य शहराचा. बगदाद आणि रय्यमधल्या रुग्णालयांचा प्रमुख म्हणून आपण त्याला ओळखतो, पण वैद्यकाआधी तो किमयेकडे वळला होता. त्याच्या ‘किताब अल-असरार’ या ग्रंथाचे मला विशेष अप्रूप वाटते. नाव ‘रहस्यांचे पुस्तक’, पण आत रहस्य फारसे नाही. पदार्थ, उपकरणे आणि कृती अशी सरळ विभागणी आहे. उपकरणांच्या यादीत धातू वितळवण्याची भट्टी, भाता, मूस, पळी, चिमटा, कातरी, हातोडा आणि कानस येतात. पुढे ऊर्ध्वपातनाचे अंबीक आणि त्याखाली ठेवायचे पात्र येते. एखाद्या कारखान्याची सामानयादी वाचावी तसा हा भाग आहे.

या यादीतला चिमटा हे माझ्या मते प्रयोगशाळेतले सर्वांत जुने संरक्षक साधन. तो दुसरे काही करत नाही, फक्त हात आणि विस्तव यांच्यात अंतर ठेवतो. घरातली सांडशीही तेच करते. पुढे आलेली सगळी साधने याच कल्पनेचा विस्तार आहेत. चष्मा डोळा आणि आम्ल यांच्यात अंतर ठेवतो, हातमोजा कातडी आणि विष यांच्यात, शिशाचा पडदा शरीर आणि किरण यांच्यात.

अंतर पुरेसे नसले की काय होते, याचीही खूण अल-राझीच्या आयुष्यात आहे. उतारवयात त्याची दृष्टी गेली. चरित्रकारांनी त्याच्या डोळ्यांविषयी वेगवेगळ्या कथा लिहिल्या. त्यांपैकी एक त्याच्या डोळ्यांच्या दुखण्याचा संबंध किमयेच्या भट्टीशी आणि तिथल्या झोंबणाऱ्या वाफांशी जोडते. विषारीपणाकडे त्याचे लक्ष होते हे मात्र नक्की. पाऱ्याचा परिणाम तपासण्यासाठी त्याने तो एका माकडाला देऊन निरीक्षण केल्याची नोंद आहे.

एक खुलासा इथेच करतो. सगळी तीव्र आम्ले जाबिरने शोधली असे पोस्टमध्ये ठासून लिहिलेले असते. खनिज आम्लांची स्पष्ट कृती देणारे प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीचे आहेत. ते ‘गेबेर’ या नावावर खपवले गेले, आणि गेबेर हे जाबिरचेच लॅटिन रूप. आपल्या पूर्वजांचे खरे काम एवढे मोठे आहे की त्याला उसन्या श्रेयाची गरज नाही.

फॅरेडेच्या चेहऱ्यावरचा मुखवटा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्र युरोपात वेगाने वाढले आणि त्याची किंमत डोळ्यांनी, बोटांनी मोजली जाऊ लागली. फ्रान्सच्या पियेर द्युलाँने १८११ साली नायट्रोजन ट्रायक्लोराइड हे संयुग तयार केले. ते जराशा धक्क्यानेही फुटते. द्युलाँचा एक डोळा आणि दोन बोटे गेली. पुढच्या वर्षी हम्फ्री डेव्ही त्याच पदार्थावर काम करत असताना स्फोट झाला आणि काचेच्या तुकड्यांनी त्याचा डोळा जखमी झाला.

डेव्हीला काही दिवस लिहिता येईना. लेखनिक म्हणून त्याने एका तरुणाला बोलावले. तो लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधण्याच्या कामावरचा, नाव मायकेल फॅरेडे. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायक म्हणून रुजू झाला. महिनाभरातच त्याला त्याच स्फोटक पदार्थावर काम करावे लागले. एप्रिल १८१३ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने एका स्फोटाची हकिकत सांगितली आहे. हात जखमी झाला, एका नखाचा तुकडा उडाला. नळीच्या ठिकऱ्या इतक्या जोराने आल्या की चेहऱ्यावरच्या मुखवट्याची काच कापली गेली. डोळे मात्र वाचले.

फॅरेडे तेव्हा नामवंत शास्त्रज्ञ नव्हता. तो आठवड्याच्या पगारावरचा गरीब सहायक होता, तरीही मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर होता. तो नसता, तर विद्युत जनित्राचे तत्त्व शोधणारे डोळे वयाच्या एकविसाव्या वर्षीच गेले असते. मदतनीसाला दिलेल्या एका काचेचे मोल यावरून ठरवता येते.

एका परिचारिकेचे हात

रबरी हातमोजे रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आले, असा आपला समज असतो. त्यांची सुरुवात वेगळ्या कारणाने झाली. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, १८८९-९० च्या हिवाळ्यात शस्त्रक्रियागृहातली परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन हिच्या हातांची कातडी सोलवटू लागली. निर्जंतुकीकरणासाठी वापरले जाणारे मर्क्युरिक क्लोराइड तिला सोसत नव्हते. सर्जन विल्यम हॉलस्टेडने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करून घेतले. त्या दोघांचा नंतर विवाह झाला, म्हणून ही गोष्ट प्रेमकथा म्हणूनच सांगितली जाते.

मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. हातमोजा जन्माला आला तो काम करणाऱ्या बाईचे हात वाचवण्यासाठी. त्याने रुग्णही वाचतो हे डॉक्टरांना हळूहळू उमगले. शस्त्रक्रियेत सगळ्यांनी हातमोजे घालावेत ही पद्धत रूढ व्हायला पुढची काही वर्षे गेली. काम करणाऱ्याला जपले की ज्याच्यासाठी काम चालले आहे तोही जपला जातो.

चिमटे शास्त्रज्ञांना, ब्रश मुलींना

नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले. एडिसनच्या प्रयोगशाळेतला क्लॅरेन्स डॅली हा सहायक या किरणांची उपकरणे तपासताना स्वतःचाच हात किरणांसमोर धरत असे. हातांवर कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो मेला. एडिसनने त्यानंतर क्ष-किरणांचे काम सोडले. किरणांमुळे प्राण गमावलेल्या डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञांचे एक स्मारक १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये उभारले गेले. त्यावर सुरुवातीला १६९ नावे होती. डॅलीच्या वेळी धोका नवा होता, असे म्हणता येईल.

रेडियमच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी घड्याळांच्या तबकड्या रंगवण्याचा कारखाना सुरू झाला. अंधारात चमकणाऱ्या त्या रंगात रेडियम होते. रंगवणाऱ्या बहुतेक तरुण मुली, काही तर अल्पवयीन. ब्रशचे टोक अणकुचीदार राहावे म्हणून ते ओठांत धरून ओले करायला त्यांना शिकवले होते. दर वेळी थोडे रेडियम पोटात जात होते.

त्याच कंपनीतले रसायनतज्ज्ञ रेडियम हाताळताना चिमटे, मुखवटे आणि शिशाचे पडदे वापरत. एकाच कंपनीत, एकाच पदार्थासाठी, दोन नियम होते. ज्यांच्याकडे पदवी होती त्यांच्यासाठी शिसे, ज्यांना नगावर मजुरी मिळत होती त्यांच्यासाठी ओठ. मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे झिजून तुटू लागली. १९२७ साली ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी न्यायालयात गेल्या. १९२८ साली प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि वार्षिक सहाशे डॉलर अशी तडजोड झाली. ती रक्कम घ्यायला त्यांच्याकडे फार वर्षे उरली नव्हती.

माझगावचे खुश्रू लॉज

या इतिहासात मुंबईचेही पान आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. वाल्देमार हाफकिन हा ज्यू शास्त्रज्ञ भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत, मोजक्या मदतनिसांच्या जोरावर लस बनवू लागला. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागत असे. हिंदू आणि मुस्लिम या दोघांच्याही भावना ध्यानात घेऊन त्याने बकऱ्याचे मांस निवडले, आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने लसीची पहिली मात्रा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. आधी मालक, मग मजूर, असा क्रम इथे होता.

लोकांच्या मनात लसीविषयी भीती होती. तेव्हा तरुण वयाचे सर सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली. खोजा समाजात लसीकरणाला त्यामुळे बळ मिळाले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी माझगावचे खुश्रू लॉजही दिले. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलली. हीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

उपकरण हाताळण्याच्या शिस्तीचा सर्वांत कडवट धडाही याच लसीने दिला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे पुरावा समोर आला तो एका चिमट्याचा. बाटली उघडताना तो जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न लावून धरल्यावर १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षांची बदनामी तोवर होऊन गेली होती.

कराचीची मुलगी, लॉस एंजेलिसची लॅब

आता अगदी अलीकडचे. शहरबानो सांगजी ही कराचीत जन्मलेली मुलगी. अमेरिकेत रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन सहायक म्हणून लागली होती. पुढे वकील होण्याची तिची इच्छा होती. २९ डिसेंबर २००८ रोजी ती टर्ट-ब्युटिल लिथियम हा द्रव सिरिंजने काढत होती. हवेशी संपर्क आला की तो आपोआप पेट घेतो. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि आगीचा भडका उडाला.

तिच्या अंगावर ॲप्रन नव्हता. कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, तो पेटला आणि वितळून अंगाला चिकटला. १६ जानेवारी २००९ रोजी ती गेली. वय २३.

जागतिक कीर्तीचे विद्यापीठ. ॲप्रनची टंचाई तिथे असणे शक्य नव्हते. अपघाताच्या दोन महिने आधी झालेल्या अंतर्गत तपासणीत त्या प्रयोगशाळेत लोक ॲप्रन घालत नाहीत, अशी नोंदही झाली होती. ती कागदावर राहिली.

तिच्या कुटुंबाने मात्र पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर २०११ मध्ये प्राध्यापक आणि विद्यापीठाचे नियामक मंडळ यांच्यावर फौजदारी आरोप ठेवले गेले. अमेरिकेतल्या विद्यापीठीय प्रयोगशाळेतल्या अपघातावरून असा खटला प्रथमच उभा राहिला. २०१२ साली मंडळाने जबाबदारी स्वीकारली, सुरक्षेचे नवे नियम मान्य केले आणि तिच्या नावाने कायद्याच्या अभ्यासासाठी पाच लाख डॉलरची शिष्यवृत्ती ठेवली. २०१४ साली प्राध्यापकांशी ८०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलर अशा अटींवर समझोता झाला, गुन्ह्याची कबुली न देता. न्याय झाला की नाही यावर मतभेद आहेत. पण त्यानंतर अमेरिकेतल्या असंख्य प्रयोगशाळांत ॲप्रनशिवाय आत जाणे अवघड झाले. रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलींना मेरी क्युरीसोबत शहरबानोची गोष्टही सांगितली पाहिजे, असे मला वाटते.

मायापुरी : प्रयोगशाळा भंगारात जाते तेव्हा

शहरबानोनंतर दीड वर्षाच्या आत दिल्लीत जे घडले, ते आपल्याला अधिक जवळचे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचे एक जुने उपकरण होते. १९७० च्या सुमारास आणलेले, आत कोबाल्ट-६०. अनेक वर्षे ते वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथे कामगारांनी ते फोडले. आतले धातूचे चमकदार तुकडे हाताने उचलले, कापले, वाटले. काही दिवसांत केस गळू लागले, कातडी काळी पडली. एका कामगाराचा त्याच एप्रिलमध्ये मृत्यू झाला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले.

विद्यापीठात असताना या उपकरणाभोवती जाड शिशाचे कवच होते. कोबाल्ट म्हणजे काय हे जाणणारे लोक इमारतीत होते. ते भंगारात गेले तेव्हा कवच फोडणाऱ्याला कुणी काही सांगितले नाही. त्याच्यासाठी शिशाचा अर्थ किलोमागचा भाव एवढाच होता. न्यू जर्सीत एकाच छताखाली जे घडले, तेच इथे विद्यापीठ आणि बाजार यांच्या दरम्यान घडले.

आपल्यातल्या किती घरांची चूल भंगारावर पेटते, हे वाचकांना सांगायला नको. कुर्ला, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव. जुन्या बॅटऱ्या, संगणकांचे सुटे भाग, रुग्णालयातली मोडकी यंत्रे. प्रयोगशाळेतून बाहेर पडलेली वस्तू अखेर याच हातांत येते. म्हणून हा विषय केवळ विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचा नाही.

हिजाब, दाढी आणि चष्मा

मग आपण काय करायचे? दोन नाजूक प्रश्नांपासून सुरुवात करतो, कारण त्यांवर आपल्याकडे उघड बोलले जात नाही.

पहिला हिजाबचा. लॅबमध्ये बर्नरजवळ कृत्रिम धाग्याचा, सैल टोकांचा स्कार्फ धोक्याचा आहे. पण तेवढेच धोक्याचे मोकळे केस, ओढणी आणि रुंद बाह्याही आहेत. उपाय एकच. सुती कापड, टोके ॲप्रनच्या आत खोचलेली, वर डोळे झाकणारा चष्मा. सुरक्षेचे नाव पुढे करून मुलीला प्रॅक्टिकलमधून बाहेर ठेवणे चुकीचे, आणि भावना दुखावतील म्हणून तिला काहीच न सांगणेही चुकीचे.

दुसरा दाढीचा. चेहऱ्याला घट्ट बसणारे एन-९५सारखे मुखवटे दाढीवर नीट बसत नाहीत. कडेने हवा आत शिरते आणि मुखवटा असून नसल्यासारखा होतो. ज्याला दाढी ठेवायची आहे त्याच्यासाठी डोके झाकणारे, पंख्याने गाळलेली हवा पुरवणारे सैल आवरण मिळते. ते महाग असते. विषारी धूळ किंवा जंतू यांच्याशी काम असेल तर संस्थेकडून ते मागितले पाहिजे. ‘अल्लाह मालिक आहे’ म्हणून ढिला मुखवटा चढवणे हा तवक्कुल नव्हे. उंट आधी बांधायचा असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इमाम गझालींनी शरियतची जी पाच उद्दिष्टे मांडली, त्यांत जिवाचे रक्षण, हिफ्ज-ए-नफ्स, आहे. त्याचा अर्थ लढाईपुरता आणि उपासमारीपुरता लावायचे कारण नाही. आम्लाची बाटली उघडणारा हातही त्यात येतो.

तिसरी गोष्ट आपल्या शाळा-कॉलेजांची. विद्यार्थी पिपेट तोंडाने ओढताना मी पाहिले आहेत, आणि ते एकाच संस्थेत नव्हे. तोंडाने पिपेट ओढताना टायफॉइडचे जंतू गिळल्याची पहिली नोंद १८९३ सालची आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे हा धोका लिखित आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे रबराचा एक फुगा. आपल्या संस्थांच्या स्नेहसंमेलनात इब्न सीनाचे भव्य कटआउट लागते. त्याच संस्थेच्या लॅबमध्ये डोळे धुण्याचा नळ असतो का, चष्मे किती आहेत, आणि लॅब अटेंडंटला हातमोजे मिळतात का? हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. आम्लाच्या बाटल्या भरतो तो, फुटलेली काच उचलतो तो, सिंक साफ करतो तो. बनू मूसांच्या विहिरीत उतरणारा माणूस आपल्या कॉलेजात कोण आहे असे कुणी विचारले, तर उत्तर हेच.

पुढच्या पालक सभेत किंवा संस्थेच्या बैठकीत हा विषय काढून पाहा. शंभर चष्मे, रबराचे फुगे, सुती ॲप्रन, अटेंडंटसाठी जाड हातमोजे आणि एक डोळे धुण्याचा नळ, एवढी यादी पुरे. हा खर्च एका जलशाच्या मंडपाइतकाही होणार नाही. आणि जुने उपकरण भंगारात देण्याआधी त्यात काय आहे हे घेणाऱ्याला लिहून द्यायची सवय लावा. भंगारवाला बहुधा आपल्यातलाच कुणीतरी असतो.